पोत्यामागे एक किलो

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाचवीच्या वर्गातल्या एकतीस वह्या टेबलावर आल्या आणि त्यांतल्या अकरा वह्यांत एकाच गणिताचं एकच चुकीचं उत्तर निघालं.

गणित अवघड नव्हतं. एका पोत्यात पन्नास किलो सोयाबीन, तर चोवीस पोत्यांत किती? शनिवारी शाळा सुटताना गंधालीने ते गृहपाठ म्हणून फळ्यावर लिहून दिलं होतं. उत्तर बाराशे. चौदा मुलांनी ते बरोबर काढलं होतं. चौघांनी एक शून्य गिळून एकशेवीस लिहिलं होतं. एकाने गुणायच्या ऐवजी बेरीज करून चौऱ्याहत्तरवर समाधान मानलं होतं, आणि एकाने गणित सुंदर अक्षरात उतरवून उत्तराची जागा कोरी ठेवली होती. हे सगळं रोजचंच. उरलेल्या अकरा जणांचं उत्तर मात्र अकराशे शहात्तर होतं.

मुलं चुकतात ती आपापल्या तऱ्हेने चुकतात. अकरा मुलं एकसारखी चुकली तर ती चूक त्यांची नसते, ती कुठून तरी आलेली असते. गंधालीने वह्या पुन्हा चाळल्या. अक्षरं वेगवेगळी होती, शाई वेगळी होती, एका वहीवर चहाचा डाग होता. म्हणजे लिहिलं मुलांनीच होतं. सांगितलं कुणी, एवढंच उरत होतं. तिने हजेरीपटावर अकरा नावांसमोर पेन्सिलीने बारीक टिंबं दिली. अकराही मुलं ओढ्यापलीकडच्या वस्तीतली निघाली.

तिने सुयशला उभं केलं. अकरा जणांत सगळ्यात कमी घाबरणारा तोच होता.

"हे उत्तर कुठून आलं?"

"घरी केलं मॅडम."

"कुणी केलं?"

"मीच केलं की."

"मग फळ्यावर कर."

सुयशने खडू घेतला, चोवीस गुणिले पन्नास मांडलं आणि जीभ दातांत धरून बाराशे काढले. मग त्याने फळ्याकडे पाहिलं, हातातल्या वहीकडे पाहिलं, आणि खडूची बोटं चड्डीला पुसली.

"मग वहीत वेगळं कसं?"

"वहीतलं पोत्याचं हाय मॅडम," तो म्हणाला. "हे नुसतं गणित हाय."

वर्ग हसला. वस्तीतली दहा मुलं हसली नाहीत. हे गंधालीच्या लक्षात आलं. सुयश पळवाट काढतोय असं समजून तिने त्याला खाली बसवलं.

एरवी तिने ही गोष्ट एवढी लावून धरली नसती. पण गुरुवारी दुपारी तीन वाजता शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती आणि तिच्यासमोर एकच विषय होता: या शाळेत गृहपाठ देणं बंद करावं का. विषय आणला होता समितीचे अध्यक्ष कारभारी यांनी. त्यांचं म्हणणं पालकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात आलं होतं. पोरं दिवसभर शाळेत असतात. घरी मायबाप शेतात. मायबापाला येत नाही ते पोरानं कुणाला विचारायचं? मंग हा गृहपाठ पोराचा का मायबापाच्या अज्ञानाचा? खाली बेचाळीस अंगठे.

गंधाली तीन वर्षांपूर्वी या शाळेवर आली. जालन्याहून बसने हसनाबाद, तिथून आत सहा किलोमीटर मिळेल त्या रिक्षाने. तेव्हा पाचवीत रोजचा गृहपाठ करून आणणारी मुलं होती सहा. आता ती एकोणतीसवर होती. ऑक्टोबरात भोकरदनच्या शिक्षण परिषदेत तिने उभं राहून हा आकडा सांगितला होता आणि "मुलं स्वतः करतात" असंही सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण टाळ्यांपेक्षा तिला दुसरी गोष्ट प्यारी होती. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी पोराला कुणी कामाला हाक मारली तर पोराला म्हणता आलं पाहिजे: मला अभ्यास आहे, मॅडम विचारतील. खेड्यातल्या पोराजवळ ही एवढीच सबब असते, आणि ती शाळेने द्यायची असते. गृहपाठ गेला की ती सबबही जाणार.

तिला गृहपाठ राहायला हवा होता. आणि बैठकीला तीन दिवस असताना तिच्या टेबलावर अकरा खोट्या वह्या होत्या.

*

दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत तिने एक वही देवानंद सरांसमोर ठेवली. देवानंद सर सातवीला शिकवत आणि मुख्याध्यापकाची जागा रिकामी असल्याने तोही भार सांभाळत. मूळचे धावड्याचे. डब्यातली भाकरी मोडता मोडता त्यांनी वहीवर एक नजर टाकली.

"बराबर हाय की."

"काय बराबर आहे सर? बाराशे यायला पाहिजेत."

"चोवीस पोते, चोवीस किलो कमी. कडता कापलाय." त्यांनी ठेच्याचं बोट चाटलं. "मॅडम, तुम्ही कधी माल घातला न्हाई ना बाजारात? पोतं वजनकाट्यावर चढलं की पोत्यामागं किलोभर जातो. बारदान्याचं वजन म्हणा, मातेरं म्हणा. पन्नासचं पोतं म्हणजे एकुणपन्नास धरायचं. हे ज्यानं सांगितलं त्यो गणितात कच्चा न्हाई, वजनात पक्का हाय."

गंधालीने मनातल्या मनात गुणून पाहिलं. चोवीस गुणिले एकोणपन्नास. अकराशे शहात्तर.

"गावात वजनकाटा कुठे आहे?"

"एकच हाय. अध्यक्षांच्या खरेदीच्या शेडात. ओढ्याच्या पलीकडं." देवानंद सरांनी डबा झाकला आणि तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही आता याचं काय करून राह्यला मॅडम?"

"काही नाही. तपासतेय."

"तपासू नका. गुरुवारनंतर तपासायचंच बंद होणार हाय. मी तर पेढे वाटीन."

ते हसले. तीही हसली. पण त्यांनी एका नजरेत कडता ओळखला हे तिला खटकलं, आणि हे आधी माहीत असूनही ते कधी बोलले नाहीत की काय, असंही वाटून गेलं. संशयाचं असंच असतं. एकदा घरात आला की तो पाहुण्यासारखा एका खुर्चीवर बसत नाही.

तरी गणित जुळत होतं. ठराव कारभाऱ्यांचा होता. वजनकाटा कारभाऱ्यांचा होता. आणि अकरा मुलं त्या शेडाला लागून राहत होती.

*

मंगळवारी तिने सव्वापाचची रिक्षा सोडली आणि ओढ्याकडे चालू लागली. उजेड अजून होता. ओढ्यात पाणी घोट्याएवढं. पलीकडे पत्र्याचं लांब शेड आणि शेडाला चिकटून दोन खोल्यांचं घर. घर भागवतचं. भागवत शेडात मापारी होता, म्हणजे माल वजन करून देणारा. त्याची बायको दैवशाला ओसरीच्या टोकाला बसून पोत्याची तोंडं शिवत होती. तिच्या हातात दाभण होतं, मांडीवर सुतळीचा गुंडा. तिच्यामागे ओसरीभर मुलं बसली होती, प्रत्येकासमोर उघडं पुस्तक.

गंधालीने मोजली. नऊ.

"या मॅडम, या. टेका." दैवशालाने दाभण पोत्यात खोचून ठेवलं आणि पदराने पाट पुसला. "सुयशनं सांगितलंच होतं, मॅडम आज ना उद्या येतेत म्हणून."

"सुयश काय काय सांगतो?"

"सगळंच सांगतो त्यो. त्याच्या पोटात पानी ठरत न्हाई."

सुयशने पुस्तक तोंडासमोर धरलं. पुस्तक उलटं नव्हतं, पण मराठीच्या गृहपाठाला इतिहासाचं होतं.

"ही मुलं रोज इथे असतात?"

"त्यांच्या माया कापसात हायेत. घराला कुलपं. दिवस मावळल्यावर येतेत. तवर पोरं कुठं जातील, ओढ्यात? मी म्हन्लं बसा इथं अन् अभ्यास करा. माझी धाव्वी झालीय मॅडम. इंग्रजीत गेल्ते, पण गणितात चौऱ्यांशी होते."

"सोयाबीनचं गणित तुम्ही सांगितलं?"

"चोवीस पोत्याचं? हो, मीच. चुकलं का?"

"बाराशे पाहिजेत."

"बाराशे कसे? पोत्यामागं किलो जातो की."

"पुस्तकात जात नाही दैवशालाताई."

दैवशालाने क्षणभर विचार केला. "मंग पुस्तकवाल्याचं पोतं कधी वजनाला चढलं न्हाई," ती म्हणाली. पोरं खुसखुसली. गंधालीलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात तिचा सोमवारपासूनचा निम्मा राग विरून गेला. एक दहावी झालेली बाई दुसऱ्यांची अकरा पोरं ओसरीत बसवते, त्यांना येतं तेवढं सांगते. यात खोटं काय होतं? भोकरदनला सांगितलेला आकडा थोडा दुरुस्त करावा लागेल, एवढंच. गृहपाठ राहील. उलट गुरुवारी हीच ओसरी आपण उदाहरण म्हणून सांगू, असंही तिला वाटलं.

तेवढ्यात शेडातून दोन मुलं आली. दहावा आणि अकरावी. अकरावी म्हणजे जान्हवी, वर्गातली सगळ्यात स्वच्छ अक्षराची मुलगी. मॅडमना पाहून ती थांबली आणि तिने उजवा हात फ्रॉकच्या मागे नेला.

"हाताला काय झालं जान्हवी?"

जान्हवीने आधी दैवशालाकडे पाहिलं. "कंपास लागला," ती म्हणाली.

"दाभण लागलं," दैवशाला त्याच वेळी म्हणाली. "खेळत होती. ठेवलं न्हाई तर उचलतेच."

दोन्ही उत्तरं एकाच वेळी ओसरीत पडली आणि कुणीच ती उचलली नाहीत.

"कंपास दुसऱ्या हाताला लागला तिच्या," दैवशालाने जोडून दिलं. "हाय का न्हाई ग?"

जान्हवीने मान हलवली आणि मागे नेलेला हात खाली सोडला. गंधालीने दुसरा हात दाखव म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, हे तिला नंतर बसमध्ये सुचलं. त्या वेळी तिने मुलीच्या तर्जनीवरची चिंधी पाहिली आणि चिंधीच्या शेजारी, मधल्या बोटावर, आडवी लाल रेघ पाहिली. सुतळी ताणून ओढली की अशी रेघ पडते. पतंगाचा मांजा ओढला तरी पडते. विहिरीचा दोर ओढला तरी पडते.

तिने शेडात डोकावलं. भिंतीला लागून पोत्यांच्या रांगा होत्या, सगळ्यांची तोंडं शिवलेली. पुढच्या रांगेतले टाके एका मापाचे, ताणून बसवलेले. मागच्या रांगेतले वाकडे, एक लांब एक आखूड, दोन ठिकाणी गाठ मारून पुन्हा सुरू केलेले. ती मोजत होती, आणि ती मोजतेय हे दैवशाला पाहत होती.

"उजेड कमी झाला की माझेबी टाके वाकडे पडतेत," दैवशाला म्हणाली. "चहा ठेवू?"

चहा नको म्हणेपर्यंत कारभाऱ्यांची मोटारसायकल शेडापुढे उभी राहिली. कारभारी पन्नाशीचे, बोलायला मऊ. त्यांनी गाडीवरूनच नमस्कार केला.

"बाई, तुम्ही इकडं कशा?"

"गृहपाठ बघायला आले होते."

"चांगलं केलं. मी लोकाला तेच सांगून राह्यलो, डोळ्यानं बघा. घराचा पाठ, अन् पोरं लोकाच्या ओसरीत. ह्याला गृहपाठ म्हनायचं का ओसरीपाठ?" ते हसले नाहीत. "पोरं थकून जातेत बाई. बंद करा. मोकळी होतील बिचारी."

"मोकळी होऊन कुठे जातील?"

"पोरंच ती. खेळतील." हे म्हणताना त्यांनी शेडातल्या पोत्यांकडे पाहिलं. किंवा नुसतं शेडाकडे पाहिलं. शेड त्यांचंच होतं. आपल्या शेडाकडे माणूस पाहणारच.

गंधाली निघाली तेव्हा पोरं एका सुरात "नमस्ते मॅडम" म्हणाली. ओढा ओलांडून तिने मागे वळून पाहिलं. ओसरी रिकामी होती. अंधारून आलं होतं, तेव्हा पोरं घरी गेली असतील. त्यांच्या माया अजून आलेल्या नव्हत्या. त्या तिला पुढे वाटेवर भेटल्या, डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन गावाकडे येताना. त्यांच्यात जान्हवीची आई नंदाबाईही होती. तिने मॅडमना ओळखलं, ओढ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुढे गेली.

*

गंधालीचं घर जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर होतं. नवरा नरहर सरकारी कचेरीत होता आणि गेली पंधरा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले पंचनामे तपासत होता. जेवताना त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू पोराच्या हातात दाभण पाहिलंस का?"

"नाही."

"पोराला पोतं शिवताना पाहिलंस?"

"नाही. पण टाके..."

"टाके पाहिलेस. बोटाची चिंधी पाहिलीस. पंचनाम्यात दिसलं ते लिहितात. वाटलं ते लिहिलं की वकील पहिल्या तारखेला फाडतो." त्याने भाजी वाढून घेतली. "आणि समज तू म्हणतेस तसं आहे. मग कारभारी गृहपाठ बंद कशाला करतोय? पोरं अभ्यासाच्या नावाने तिथे येतात, तर अभ्यास राहू देण्यातच त्याचा फायदा."

हेच तिला सुटत नव्हतं. गृहपाठ हा आडोसा असेल तर तो आडोसा कारभारी स्वतः का काढेल? की आता आडोशाची गरज उरली नाही? की तो खरंच पोरांची कीव करणारा साधा माणूस आहे आणि त्याच्या शेडाशेजारच्या ओसरीत काय चालतं हे त्यालाच माहीत नाही? की माहीत झालं, म्हणूनच बंद करतोय? तिन्ही गोष्टी पटत होत्या, आणि तिन्ही एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं.

बुधवारी तिने वर्गात पाच ओळी लिहायला दिल्या: काल संध्याकाळी मी काय केलं. गावातल्या वीस मुलांनी वीस तऱ्हेचं लिहिलं. कुणाची म्हैस व्यायली होती, कुणी मार खाल्ला होता. वस्तीतल्या नऊ मुलांनी पहिली ओळ एकच लिहिली होती: "मी काकूच्या ओसरीत अभ्यास केला." जान्हवीने पाचही ओळी अभ्यासावर लिहिल्या होत्या, एकही चूक नव्हती. सुयशने तीनच ओळी लिहिल्या: "मॅडम आल्या. मॅडम गेल्या. मॅडम गेल्यावर गाडी आली."

"कसली गाडी सुयश?"

"पोत्याची."

"मग तुम्ही काय केलं?"

सुयशने मागच्या बाकाकडे पाहिलं. मागच्या बाकावर जान्हवी होती. "तीनच ओळी येत होत्या मॅडम," तो म्हणाला.

*

गुरुवारी तीन वाजता बैठक भरली. तेरा सदस्यांपैकी नऊ हजर होते. देवानंद सर इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन बसले. दारात चार-पाच पालक उभे होते, त्यांत दैवशालाही होती. ती सदस्य नव्हती, तिला आत बसायचा अधिकार नव्हता.

कारभाऱ्यांनी विषय मांडला. त्यांचं बोलणं ग्रुपवर होतं तेच होतं, आणि गंधालीला कबूल करावं लागलं की त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. ज्या घरात सांगणारं कुणी नाही त्या घरात गृहपाठ म्हणजे पोराची नाही, घराची परीक्षा. हे तिनेही बी.एड.ला लिहून मार्क मिळवले होते.

मग नंदाबाई बोलली. ती पालकांकडून समितीवर होती आणि सहसा बोलत नसे. "गृहपाठ ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोरगी एका जागी बसलेली असते, मला रानात घोर ऱ्हात न्हाई."

"कुठं बसलेली असते?" गंधालीने विचारलं.

"दैवशालाकडं. मॅडमला माहीत हाय की."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दैवशालाने पदर सावरला.

गंधाली उभी राहिली. तिच्या पर्समध्ये घडी केलेला कागद होता. त्यावर रात्री तिने नरहरच्या सांगण्याप्रमाणे फक्त दिसलं ते लिहिलं होतं, आणि ते साडेचार ओळींत संपलं होतं. कागद वाचला तर ओसरी बंद होईल, हे तिला कळत होतं. ओसरीत फक्त अभ्यास होत असेल तर तिने अकरा पोरांच्या डोक्यावरचं छप्पर घालवलेलं असेल आणि एका भल्या बाईचं नाव गावात घालवलेलं असेल. आणि नाही वाचला तर, जे काही तिथे होत होतं ते तिच्या गृहपाठाच्या नावावर चालू राहील.

"एकतीसपैकी अकरा मुलांचा गृहपाठ घरी होत नाही," ती म्हणाली. "मी भोकरदनला सांगितलेला आकडा चुकीचा होता, तो मी लेखी दुरुस्त करीन. अकरा जणांचा अभ्यास कुठे होतो ते मी पाहिलं. तिथे अभ्यासाखेरीज आणखी काही होतं का, ते मला माहीत नाही."

"आणखी म्हणजे?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"मुलांच्या आसपास दाभण होतं. एका मुलीच्या बोटाला लागलेलं होतं."

"बाई, खरेदीच्या शेडात दाभण न्हाई तर काय शिलाईमशीन असंल?" कोपऱ्यातले तातेराव म्हणाले आणि दोघे-तिघे हसले. "आमच्या घरी इळा हाय. पोरगं इळ्यापाशी दिसलं तर ऊस तोडतंय म्हनायचं का?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"म्हनलं न्हाई, पण वाढून ठेवलं की पानात."

कारभारी हसले नव्हते. त्यांनी देवानंद सरांना म्हटलं, "सर, हे लिहू नका." देवानंद सरांचं पेन थांबलं. गंधाली म्हणाली, "लिहा सर." पेन थांबूनच राहिलं.

"हे बघा," कारभारी शांतपणे म्हणाले, "मॅडमलाच शंका हाय, तर मंग झगडाच मिटला. गृहपाठ न्हाई तर पोरं कुणाच्या ओसरीत जायची गरज न्हाई. पंधरा दिवस बंद करून बघू. कोण कोण?"

चार हात वर झाले, त्यांत तातेरावांचा होता. चार हात खाली राहिले, त्यांत गंधालीचा. नंदाबाईचे दोन्ही हात मांडीवर होते.

"नंदाबाई," कारभारी म्हणाले, "तुमचं काय?"

नंदाबाईने दाराकडे पाहिलं नाही, गंधालीकडेही पाहिलं नाही. दोन मिनिटांपूर्वी गृहपाठ ऱ्हाऊ द्या म्हणणाऱ्या त्या बाईने उजवा हात खांद्यापर्यंत वर नेला आणि लगेच खाली घेतला.

"पाच," देवानंद सर म्हणाले आणि लिहू लागले. शुक्रवारपासून पंधरा दिवस गृहपाठ बंद.

बैठक उठल्यावर गंधालीने नंदाबाईला फाटकापाशी गाठलं.

"तुम्ही राहू द्या म्हणत होतात."

"म्हनत होते."

"मग?"

"मॅडम, वेचणी संपाया अजून महिना हाय," नंदाबाई म्हणाली. "तवर पोरीला कुठं ठिवू, ते मला त्यांनाच विचारावं लागतं." 'त्यांना' म्हणजे कुणाला ते तिने सांगितलं नाही. दैवशाला रस्त्याच्या पलीकडे तिच्यासाठी थांबली होती. दोघी बरोबरच ओढ्याच्या वाटेला लागल्या, आणि गंधालीला दिसेपर्यंत तरी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

*

शुक्रवारी गंधालीने गृहपाठ दिला नाही. शनिवारीही दिला नाही. शनिवारी दुपारी तिने साडेचार ओळींचा तो कागद एका पाकिटात घालून देवानंद सरांकडे केंद्रप्रमुखांसाठी दिला. सर म्हणाले, सोमवारी टपाल जाईल तेव्हा लावतो. पाकीट त्यांनी कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

सोमवारी सकाळी दहा चाळीसला, कुणी मागितलेल्या नसताना, टेबलावर अकरा वह्या आल्या. सुयशने आणून ठेवल्या आणि जागेवर जाऊन बसला.

"या कशाच्या?"

"गृहपाठाच्या."

"मी गृहपाठ दिला नव्हता."

"माहीत हाय मॅडम."

"मग कुणी दिला?"

सुयशने पुन्हा मागच्या बाकाकडे पाहिलं.

तिने वह्या उघडल्या. प्रत्येक पानावर रविवारची तारीख होती आणि दोन गणितं. पहिलं: एका पोत्यात पन्नास किलो सोयाबीन, तर तीस पोत्यांत किती? अकराही वह्यांत उत्तर होतं पंधराशे, आणि त्याखाली प्रत्येकाने एक ओळ जास्तीची लिहिली होती: "वजनाला चढल्यावर चौदाशे सत्तर." दोन्ही बरोबर होती. कुणीतरी मॅडमचं म्हणणं ऐकून घेतलं होतं आणि आपलंही सोडलं नव्हतं.

दुसरं गणित असं होतं: एका पोत्याच्या तोंडाला चौदा टाके लागतात, तर अठरा पोत्यांना किती टाके? दहा वह्यांत उत्तर दोनशे बावन्न.

अकरावी वही जान्हवीची होती. जान्हवी त्या दिवशी आली नव्हती. तिच्या वहीत अठरा हा आकडा खोडून वर तिच्याच अक्षरात एकवीस लिहिलेलं होतं, आणि उत्तर दोनशे चौऱ्याण्णव. गंधालीने ते पुन्हा करून पाहिलं. गुणाकार बरोबर होता.

दुपारी दोनपर्यंत टपाल गेलं नव्हतं.